दोन दिवसांची पाहुणी आणि मधली मी

माझ्या एका अंगाला पुरुष उघडे, दुसऱ्या अंगाला बायका उघड्या, आणि मध्ये अंगभर चुना लेऊन उभी असलेली मी. सगळ्या त्रिएस्ते शहरात सभ्य म्हणावी अशी बाई आता मी एकटीच उरले आहे.

मी भिंत आहे. पेदोचिनच्या किनाऱ्यावरची. माझं डोकं तिकिटाच्या खोलीत आणि पाय समुद्रात. इकडे बायकांनी पोहायचं, तिकडे बाप्यांनी. नवराबायको एकाच बसनं येतात, तिकिटाच्या खिडकीशी एकमेकांना ‘येतो हं’, ‘येते हं’ म्हणतात आणि दुपारच्या जेवणापर्यंत एकमेकांच्या तावडीतून सुटतात. या शहरातले निम्मे संसार माझ्यामुळे टिकलेत. श्रेय पाद्रीबुवा घेतात, ते असो.

माझा जन्म व्हिएन्नाच्या सम्राटाच्या राज्यातला. आधी माझ्या जागी फळ्यांचं कुंपण होतं म्हणे. पण फळ्यांना भोकं असतात आणि भोकांना डोळे लागतात, म्हणून शेवटी गवंड्याला बोलावलं. पेदोचिन हे नाव इथल्या कालवांवरून पडलं की इथे धुवायला आणलेल्या शिपायांच्या उवांवरून, हा वाद अजून मिटलेला नाही. बायका कालवं म्हणतात, पुरुष उवा म्हणतात. मी मध्ये आहे, मला दोन्ही पटतं.

माझ्यासमोर सम्राट गेला, इटलीचा राजा आला. मग काळे सदरेवाले फॅसिस्ट आले, जर्मन आले, डोंगरावरून लाल ताऱ्यावाले युगोस्लाव्ह आले, मग गोरे सोजीर च्युइंगगम चघळत आले. प्रत्येकानं गावातल्या चौकांची नावं बदलली. माझ्याकडे मात्र प्रत्येक जण एकाच कामाला आला, माझ्यावर चढून पलीकडे डोकवायला. झेंडा कुठलाही असो, पुरुषाची मान त्याच बाजूला वळते, हे मी शपथेवर सांगू शकते.

भिंतीला कान असतात हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. देवानं मला कान दिले आणि तोंड द्यायचं विसरला. एरवी त्याचं काही वाटत नाही. पण एका उन्हाळ्यात ही गोष्ट मला फार झोंबली. लिरा चालायचा आणि खिशाखिशात टेलिफोन आलेले नव्हते, त्या काळातली गोष्ट.

बायकांच्या बाजूला ओंदीना बसायची. साठीच्या आसपासची, थोराड बांध्याची, जन्मभर मिठाईच्या दुकानात उभी राहिलेली बाई. जगातला कुठलाही प्रश्न पोटात काही ढकललं की सुटतो, असं तिचं ठाम मत. पुरुषांच्या बाजूला लिव्हियो बसायचा, तिचा धाकटा भाऊ. बंदरापाशी त्याचं दोरखंडांचं आणि रंगांचं दुकान होतं. गडी काडीसारखा, पण ताठा असा की पोहून आल्यावर सुद्धा भांग पाडून मगच खाली बसणार.

भाऊ आठला यायचा, बहीण नऊला. तिकिटाच्या खिडकीशी एकमेकांची तोंडं बघायला नकोत म्हणून. आत आले की मात्र दोघांनाही सावलीची तीच जागा हवी असायची. इकडून तिची पाठ मला टेकलेली, तिकडून त्याची. मध्ये फक्त मी. दीड तप हे चाललं होतं, आणि दीड तपात एक शब्द नाही.

भांडण कशावरून, तर एका न केलेल्या फोनवरून. थोरला भाऊ मारीनो तरुणपणीच आगबोटीनं ऑस्ट्रेलियाला गेला होता. तेव्हा अर्धं गाव तिकडेच चाललं होतं. पुढे एका जानेवारीत यांची आई गेली. बोरा वारा असा सुटलेला की शवपेटी नेणारे चौघं रस्त्याच्या कडेच्या दोराला धरून चालले. घर भरलेलं, रडारड चाललेली, आणि शेजारची कोणीतरी म्हणाली, ‘अगं, मारीनोला कोणीतरी कळवा.’ ओंदीनाला वाटलं लिव्हियो कळवील, टेलिफोन त्याच्या दुकानात आहे. लिव्हियोला वाटलं ओंदीना कळवील, मारीनोला पत्रं नेहमी तीच लिहिते. महिना उलटल्यावर कळलं की कोणीच कळवलं नाही. मग तू का नाही, तू का नाही, करता करता दोघांनी तोंडं फिरवली. मारीनोची पत्रंही थांबली. नाताळाला एक कार्ड यायचं, खाली नुसती सही.

दोघांची कैफियत मी इतक्या वेळा ऐकली आहे की मला न्यायाधीश केलं असतं तर मी दोघांनाही फटके दिले असते.

त्या उन्हाळ्यात दोघांनाही एकेक पोस्टकार्ड आलं, शब्दाला शब्द सारखं. मारीनोची मुलगी योलांदा मेलबर्नहून येणार होती. आजीचंच नाव तिला ठेवलेलं. जन्मात पहिल्यांदा बापाचं गाव बघणार, आणि तेही दोनच दिवस, कारण पुढे तिला कामाला कुठेतरी जायचं होतं. शनिवारी सकाळच्या गाडीनं येते, सोमवारी सकाळच्या गाडीनं जाते. खाली लिहिलं होतं, ‘स्टेशनवर कोणीतरी या.’

कोणीतरी. आता या घराण्यात कोणीतरी म्हणजे कोणीच नाही, हे त्या बिचारीला कोण सांगणार?

दोघांनीही आपापल्या बाजूला कार्ड मिरवलं, आणि दोघांनाही वाटलं की मारीनोच्या पोरीनं आपल्यालाच निवडलं. हा भ्रम फोडला माफाल्दानं. माफाल्दा ही मासळीबाजारातून निवृत्त झालेली बाई. तिचा नवरा दुशान, गोदीत क्रेन चालवायचा, तो पुरुषांच्या बाजूला. हे जोडपं घरी एकमेकांशी फारसं बोलत नाही, पण इथे आलं की माझ्या डोक्यावरून यांचा संसार चालतो. ‘दुशान, कवळी काढून ठेवलीस ना, मागल्या वेळी समुद्रात गेली!’ हे वाक्य तिकडच्या अख्ख्या बाजूनं ऐकलेलं असतं. तर माफाल्दानं ओरडून नवऱ्याला बातमी दिली, नवऱ्यानं ओरडून सांगितलं की लिव्हियोकडेही तसंच कार्ड आहे, आणि माझ्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोन पाठी ताठ झालेल्या मला जाणवल्या.

तिथून पुढे आठवडाभर जे चाललं त्याला आखणी म्हणतात. मी तीन साम्राज्यांची वाटणी ऐकली आहे, पण दोन दिवसांच्या पाहुणीची अशी वाटणी ऐकली नव्हती.

लिव्हियोचं म्हणणं, पोरीला शहर दाखवायचं. समुद्राकडे उघडा असलेला मोठा चौक, पाण्यात घुसलेला लांब धक्का, टेकडीवरचा किल्ला. मग निळ्या घुमटांचं सर्बियन देऊळ, धक्क्याजवळचं ग्रीकांचं, ज्यूंचं सिनेगॉग, सगळ्यांचे देव एका फेरीत. तिला कळू दे आपण कसल्या गावचे. ओंदीनाचं म्हणणं, देव काय पळून जाताहेत? पोरगी अर्धं जग ओलांडून येतेय, तिला आधी जेवायला घाला. आंबवलेल्या कोबीचा आणि राजम्याचा योता, आत आलुबुखार घातलेले बटाट्याचे गोळे, आणि रविवारी वर डोंगरावर आईच्या गावाला. तिथे ज्या शेतकऱ्याच्या दारावर डहाळी टांगलेली दिसेल त्याच्या अंगणात बसायचं, त्याच्या घरची वाइन, घरचं हॅम, उकडलेली अंडी. आई कोंबड्यांशी ज्या स्लोव्हेन भाषेत बोलायची ती पोरीच्या कानावर पडू दे.

यावर लिव्हियो म्हणे, कोंबड्या ऐकवायला मेलबर्नहून आणायचं का तिला? ओंदीना म्हणे, त्याला आईच्या गावाची लाज वाटते, पहिल्यापासून. हे सगळं ते एकमेकांना म्हणत नव्हते बरं का. ओंदीना हळू आवाजात माफाल्दाला सांगायची, माफाल्दा ते ओरडून दुशानला, आणि दुशान ते लिव्हियोला सांगायचा, जो माझ्यापलीकडे ओंदीनापासून वीतभर अंतरावर बसून मूळ वाक्य आधीच ऐकून चुकलेला असायचा. तरी तो दुशान सांगेपर्यंत थांबायचा. रीत म्हणजे रीत.

मग दोन्ही बाजूंचे शहाणे मध्ये पडले. पुरुषांकडे कोणी म्हणालं, उन्हाळ्यात बोरा सुटत नाही, आणि बोरा न सोसता त्रिएस्ते पाहिलं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता आल्यासारखं, तेव्हा तिला सांगा जानेवारीत ये. दुशानचा आग्रह एकच, सर्बियन देवळात किमान एक मेणबत्ती लावू द्या, माझ्या खर्चानं. बायकांकडे तर काही विचारू नका. एकीचं म्हणणं उकडलेलं डुक्कर आणि वर किसलेलं तिखट मूळ खाल्ल्याशिवाय जाऊ देऊ नका, दुसरीचं म्हणणं ऑस्ट्रेलियात बायका सडपातळ असतात, पोरगी झोपेल दोन दिवस. तिसरीनं तिच्यासाठी आपला बिनलग्नाचा मुलगा पण यादीत घुसवायचा प्रयत्न केला.

खरा पेच पडला तो कबरीवरून. आईच्या कबरीवर पोरीला कोण नेणार? इथे मात्र थट्टा बंद झाली. लिव्हियो म्हणाला मी, ओंदीना म्हणाली मी, आणि दोन दिवस माफाल्दा-दुशानलाही मध्ये बोलायची सोय उरली नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की शनिवारी काका नेईल, रविवारी आत्या नेईल. दीड तप या दोघांनी म्हातारीच्या कबरीला एका दिवशी भेट दिली नव्हती, आता तरी का द्यावी?

शुक्रवारी दुपारी तह पूर्ण झाला. शनिवारी दहाला लिव्हियोबरोबर त्याच्या नेहमीच्या ठिकाणी कॉफी, काचेच्या छोट्या पेल्यातली. मग चौक, धक्का, सगळे देव, कबर. एक वाजता ओंदीनाकडे जेवण. झोपायला ओंदीनाकडे. रविवारी डोंगर, अंडी, पुन्हा कबर. संध्याकाळी लिव्हियोबरोबर धक्क्यावर. सोमवारी गाडीवर सोडायला कोणी जायचं यावर तह दोनदा मोडला आणि तिसऱ्यांदा दोघांनीही जायचं ठरलं, वेगवेगळ्या डब्यांपाशी उभं राहून. मग माफाल्दानं हुश्श केलं, दुशान कवळी काढून पाण्यात शिरला, आणि माझ्या लक्षात आलं.

तिला आणायला कोण जाणार?

ओंदीना समजून चालली की पहिली सकाळ लिव्हियोची, तर स्टेशनही त्याचंच. लिव्हियो समजून चालला की पोरगी उतरणार ओंदीनाकडे, तर बॅग ठेवायला तीच तिला घरी नेईल आणि दहाला कॉफीला पाठवील. कार्डावर ‘कोणीतरी’ लिहिलं होतं, आणि दोघांनीही आपापल्या मनात त्या जागी दुसऱ्याचं नाव घातलं. माझ्या मेल्यांनो, हीच तर ती जानेवारीतली चूक. तेच दोघे, तेच कोणीतरी. मारीनोच्या घरचं माणूस पुन्हा एकदा वाट बघत उभं राहणार, आणि या वेळी तर ते समोर, गावाच्या फलाटावर. पुन्हा जर कोणी आलं नाही तर मेलबर्नचं दार कायमचं बंद, हे मला दिसत होतं. ओरडायला गेले. काय ओरडणार? चुन्याचा एक पोपडा पडला, तेवढाच. ओंदीनानं तो खांद्यावरून झटकला आणि म्हणाली, या भिंतीला यंदा रंग द्यायला हवा.

शनिवार उजाडला. दोघेही अर्थातच आले नाहीत. ऊन वर चढलं, गोट्यांवर पाय ठेववेना, आणि साडेदहाच्या सुमाराला तिकिटाच्या खोलीत एक तिशी ओलांडलेली बाई बॅग ओढत आली. नाक उन्हानं सोललेलं, केस विस्कटलेले, तोंडावर रागाचा लवलेश नाही. तिकीटवालीनं विचारलं, एकच ना? तर ही म्हणते कशी,

“एकच. आणि ही गाढवाची पेटी कुठे टाकू गं बाई? हाडं मोडली माझी.”

तिकीटवालीनं मान वर करून बघितलं. ही बोली आता गावात कोणी बोलत नव्हतं. गोदीतले हमाल बोलायचे, तेही तिच्या आजीच्या काळातले. मारीनोनं जाताना जी भाषा बरोबर नेली ती तिकडे बरणीत घालून ठेवल्यासारखी जशीच्या तशी राहिली होती, आणि शिव्यांसकट पोरीला दिली होती.

ती बायकांच्या बाजूला आली, इकडे तिकडे बघितलं आणि मोकळ्या आवाजात विचारलं, इथे ओंदीना कोण? माफाल्दा पालथी पडून ऊन खात होती. तिनं एक डोळा उघडला, आधी नाक बघितलं. ओंदीनाच्या आईचं नाक होतं ते, गावात दुसरं तसं नव्हतं. माफाल्दा तशीच उठून बसली आणि मग कुठे पदर आठवावा तसा तिनं टॉवेल ओढून घेतला.

“तू इथे कशी? तुला आणायला लिव्हियो गेला होता ना?”

“कोणी नव्हतं,” योलांदा म्हणाली. “बाबांनी सांगूनच ठेवलं होतं. म्हणाले, स्टेशनवर कोणी येणार नाही. थोडं थांब, मग समुद्र उजव्या हाताला धरून चालत सूट आणि पेदोचिनला जा. जे कोणी जिवंत असतील ते तिथे पडलेले असतील.”

मग जी हाक माफाल्दानं मारली ती मी अजून विसरले नाही. माझ्या माथ्यावरचे सगळे समुद्रपक्षी उडाले. दुशान पोहण्याच्या चड्डीवर, खांद्याला टॉवेल, पायात लाकडी सपाता, असा भर रस्त्यानं कॉफीच्या दुकानाकडे धावला. माफाल्दानं तिकिटाच्या खोलीतल्या टेलिफोनवरून ओंदीनाला फोन लावला. हा टेलिफोन माझ्याच अंगावर चार खिळे ठोकून बसवलेला आहे, तेव्हा पलीकडचा ओंदीनाचा आवाजही मला ऐकू आला. ती आधी म्हणाली, लिव्हियोला सांग, देवळं लांबवू नकोस, योता शिजत आलाय. मग माफाल्दानं सांगितलं. मग पलीकडून पातेल्यावर झाकण आदळल्याचा आवाज आला.

दोघे पोचले, दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानं. आणि आता बघा माणसाची खोड. पोरगी आत आहे हे कळल्यावर कोणीही शहाणा माणूस तिकिटाच्या खोलीत थांबला असता, तिथे सगळ्यांना उभं राहता येतं. हे दोघे तिथून मान खाली घालून आपापल्या दारानं आत गेले. ओंदीना बायकांच्या बाजूला, अंगात स्वयंपाकाचा एप्रन, हातात झाकण लावलेलं पातेलं. लिव्हियो पुरुषांच्या बाजूला, इस्त्रीचा पांढरा कोट, गळ्यात टाय. ओंदीनानं पोरीला पोटाशी धरलं आणि पातेलं खाली ठेवायच्या आधीच माफाल्दाला म्हणाली, विचार त्याला, स्टेशनवर का नाही गेला. माफाल्दानं विचारलं. पलीकडून दुशान म्हणाला, तो म्हणतोय, बहिणीला विचार, पोरगी तिच्याकडे उतरणार होती. सांग त्याला, सकाळ त्याची होती. सांग तिला, बिछाना तिचा होता. सांग त्याला, असाच तो आईच्या वेळी. सांग तिला, अशीच ती.

योलांदा माझ्याकडे तोंड करून उभी राहून हे ऐकत होती. मग तिनं अंगावरचा सदरा काढला. आत पोहण्याचे कपडे होतेच, बापानं तेही सांगून ठेवलं असणार. ती गोट्यांवरून तोल सावरत पाण्यात शिरली आणि माझ्या कडेकडेनं माझ्या शेवटच्या दगडापाशी जाऊन उभी राहिली. तिथे मी संपते. पुढे फक्त समुद्र आहे आणि पाणी तिच्या कमरेइतकं. तिथून दोन्ही बाजू एकदम दिसतात. इतकी सोपी जागा, आणि दीड तपात या दोघांपैकी एकालाही सुचली नाही.

“इकडे या,” ती म्हणाली. “दोघंही. मी काही ओरडून सांगणार नाही.”

लिव्हियो म्हणाला, माझ्या अंगात कोट आहे. त्यावर तिनं त्या कोटाचं काय करायचं ते गोदीच्या भाषेत सांगितलं. पुरुषांच्या बाजूला दोन म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, म्हणाले, असं नितळ वाक्य आमच्या बापाच्या तोंडून शेवटचं ऐकलं होतं. लिव्हियोनं बूट काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले, आणि कोट-टायसकट पाण्यात उतरला. ओंदीना एप्रनसकट उतरली. माझ्या शेवटच्या दगडाला एकानं इकडून हात धरला, एकीनं तिकडून. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारा झालास, असं ओंदीनाच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. तिच्याकडे बघून त्यालाही तेच वाटलं असणार.

“दोन दिवसांत तुम्ही मला काय काय दाखवणार आहात ते मला नको,” योलांदा म्हणाली. “मी एकाच कामाला आलेय. आजी गेली ते बाबांना तेव्हाच कळलं होतं. तिसऱ्या दिवशी. मेलबर्नला आपल्या गाववाल्यांचा क्लब आहे, तिथे कोणाच्या तरी भावाचा फोन आला होता.”

लाट आली, गेली.

“मग तो बोलला का नाही?” ओंदीनानं विचारलं.

“भित्रा आहे म्हणून. बोट सुटताना आजीला सांगून गेला होता, दोन वर्षांत परत येतो. आला नाही. ती गेल्यावर तुम्हाला काय तोंड दाखवायचं? मग कळलं की तुम्ही दोघं त्या न केलेल्या फोनवरून भांडताय. तर याला रुसून बसायला जागा मिळाली. सोपं पडलं ना, मला कोणी कळवलं नाही म्हणायचं. आता आजारी पडला तेव्हा रडत मला म्हणाला, जा, त्यांना सांग. मी म्हटलं, तुम्हीच फोन करा. तर नाही. अजून घाबरतो.”

लिव्हियोच्या टायचं टोक पाण्यावर तरंगत होतं. तो ते पिळत राहिला, पिळत राहिला. मला वाटलं आता ओंदीना पोरीच्या बापाचा उद्धार करील, आणि तो त्याच लायकीचा होता. पण ती भावाकडे वळली आणि पहिल्यांदा, मध्ये माफाल्दा नाही, दुशान नाही, त्याच्याशी बोलली.

“तुझ्या दुकानात फोन होता, लिव्हियो.”

“होता,” तो म्हणाला. “आणि मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसलो होतो. मला सांगवत नव्हतं गं. म्हटलं, तू सांगशील.”

“मलाही सांगवत नव्हतं.”

एवढंच. माझ्या दोन्ही बाजूंच्या बघ्यांना वाटलं होतं की काहीतरी मोठं नाटक बघायला मिळेल. पाण्यातून तिघेही वर आले, अर्थात आपापल्या बाजूनं, कारण पुरुषाला बायकांच्या बाजूनं बाहेर पडायची परवानगी नाही आणि तिकीटवाली नियमाची कडक होती. पण या वेळी दोघेही तिकिटाच्या खोलीत थांबले. दोघांच्या पायाखाली पाण्याचं तळं. ओंदीना माझ्या अंगावरच्या टेलिफोनकडे बघत होती.

मेलबर्नला तेव्हा संध्याकाळ होती. दुशाननं आपलं टेलिफोनचं कार्ड काढून दिलं. नंबर योलांदानं फिरवला. घंटा वाजायला लागली आणि लिव्हियो बहिणीला म्हणाला, तू बोल. ती म्हणाली, तू बोल. मी मनात कपाळावर हात मारला. योलांदानं रिसीव्हर ओंदीनाच्या हातात कोंबला.

पलीकडून म्हाताऱ्या आवाजात कोणीतरी हॅलो म्हणालं.

“मारीनो, मी ओंदीना. आई गेली.”

मग तिनं रिसीव्हर भावाकडे दिला. त्यानं ओल्या कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

“मारीनो, मी लिव्हियो बोलतोय. आई गेली रे.”

पलीकडून माणूस रडत होता की बोलत होता ते मला नीट कळलं नाही, आणि मला सगळं कळतं. तिकीटवालीनं खिडकी लावून घेतली. बाहेर रांग लागली, पण कोणी कुरकूर केली नाही.

त्या शनिवारी चौक राहिला, किल्ला राहिला, सगळे देव राहिले. योता तिकिटाच्या खोलीतच गार खाल्ला, पातेल्यातून, दुशाननं सर्वांत जास्त. कबरीवर मात्र तिघे एकदमच गेले, म्हणजे म्हातारीला एकच भेट पुरली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता लिरा गेला, युरो आला, दुशानही गेला, आणि माफाल्दा अजून कधीकधी चुकून माझ्या डोक्यावरून त्याला हाक मारते. ओंदीना आणि लिव्हियो येतात, काठ्या टेकत, एकाच बसनं. पाठ मलाच टेकतात आणि मध्यस्थाशिवाय ओरडून भांडतात, त्यामुळे माझी झोप मोडते ती वेगळी. योलांदा पुढे दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा स्टेशनवर दोघेही हजर होते आणि बॅग कोणी उचलायची यावरून जुंपली. मारीनो दर वर्षी म्हणायचा, पुढल्या उन्हाळ्यात येतो. आला नाही. भित्रा तो भित्राच.

नगरपालिकेत मधूनमधून एखादा नवा शहाणा उठतो आणि म्हणतो, या काळात ही भिंत कशाला, पाडा. सगळ्यांत आधी बायकाच त्याच्यावर धावून जातात. मी म्हातारी झालेय, चुना गळतो, तळातले दगड हलतात, पण मला पाडू नका एवढं सांगून ठेवते. तुमच्या नवऱ्यांना किंवा बायकांना विचारा हवं तर. आणि दुसरं एक. पाहुणा यायचा असेल, कोणी जायचं असेल, कोणी गेलं असेल, तर ‘कोणीतरी’ म्हणू नका. नाव घेऊन सांगा.

गेल्या हिवाळ्यात मारीनो गेला. योलांदानं आधी ओंदीनाला फोन केला, तिचा फोन ठेवला, आणि लगेच लिव्हियोला वेगळा केला.